मायाव अजून खेळतोच आहे

चियायी शहरातल्या जुन्या लाकूडवखारींमागच्या गल्लीत लिआओ स्यु-मान यांचे न्याहारीचे दुकान आहे. पहाटे तव्यावर अंड्याच्या पोळ्या उलटताना त्या प्रत्येक गिऱ्हाइकाला, मग ते ऐंशीचे असो की आठचे, ‘देखण्या’ किंवा ‘सुंदरी’ म्हणून हाक मारतात. हा त्यांचा खास जिव्हाळा नव्हे. त्या धंद्याची ती रीतच आहे. अपवाद एकच. खिडकीजवळच्या स्टुलावर रोज येऊन बसणाऱ्या, पांढऱ्या भुवयांच्या निए यांना स्यु-मानबाई ‘पंच’ म्हणतात, आणि तो शब्द अशा सुरात उच्चारतात की शेजारचा माणूस आपली सोयाबीनच्या दुधाची वाटी नकळत थोडी दूर सरकवतो. निए यांना मिळणारी पोळी नेहमी गार असते. ती गार असावी म्हणून बाई ती सगळ्यांच्या आधी करून पंख्याखाली ठेवतात. निएही ती तक्रार न करता खातात. या दोघांमध्ये जे आहे त्याला वैर म्हणणे अपुरे ठरेल. ती एक प्रलंबित कार्यवाही आहे.

चौदा वर्षांपूर्वी चियायीला ‘बगळे’ नावाचा बेसबॉलचा संघ होता. फरशा बनवणाऱ्या एका कंपनीने तो पाळला होता. स्यु-मानबाई त्याच्या चाहत्यांच्या मंडळात ढोल वाजवत. बगळ्यांचा शेवटचा सामना पिंगतुंगच्या ‘रानडुकरां’शी झाला, तो शेवटचा आहे हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. अखेरचा डाव, बगळे एका धावेने मागे, दोन गडी बाद, आणि फलंदाजीला तिसऱ्या तळाचा रखवालदार मायाव, पूर्वेकडच्या ताइतुंगचा, आमी जमातीचा उंच पोरगा. तीन बॉल झाले होते आणि दोन स्ट्राइक. चेंडू चुकून बॅट नुसती हवेत फिरली तरी तो स्ट्राइक, आणि आणखी एक स्ट्राइक पडला तर मायाव बाद आणि सामना संपला. आणखी एक बॉल बाहेरचा पडला तर मायावला पहिल्या तळापर्यंत फुकटची चाल आणि सामना जिवंत. एका चेंडूचा प्रश्न होता.

त्या क्षणी पंखवाल्या वाळव्या उठल्या. वैशाखात त्या दिव्यांवर झेपावतात हे चियायीला नवे नाही, पण त्या संध्याकाळी मैदानावरच्या दिव्यांभोवती त्यांचा असा पडदा तयार झाला की गोलंदाजाला फलंदाज दिसेना आणि पंचाला दोघेही. पंच निए यांनी दोन्ही हात वर केले, तोंडात गेलेली वाळवी थुंकली आणि जाहीर केले, की सामना थांबवण्यात येत असून उद्या दुपारी याच चेंडूपासून पुढे सुरू होईल. दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीने संघ मोडीत काढला.

दुपारी मैदानाच्या कुलूपबंद दारापाशी दोनच माणसे आली. एक ढोल घेऊन स्यु-मानबाई आणि दुसरे मुखवटा व छातीची ढाल घालून निए.

“काहीतरी जाहीर करा,” बाई म्हणाल्या. “बाद म्हणा, नाबाद म्हणा. काहीही.”

“चेंडू टाकल्याशिवाय?” निए म्हणाले. “मी पंच आहे, ज्योतिषी नाही.”

पंख्याखालची पहिली पोळी तिसऱ्या दिवशी पहाटे ठेवली गेली.

बाहेरच्या माणसाला यात एवढे अडण्यासारखे काय, असे वाटेल. त्यासाठी बगळा मंडळाचा नियम समजून घ्यावा लागतो. फलंदाज खेळायला उभा राहिला की तो बाद होईपर्यंत किंवा तळावर पोहोचेपर्यंत ढोल एकाच माणसाच्या हातांनी वाजला पाहिजे. खेळी अर्धवट असताना हात बदलायचे नाहीत. एकदा आधीच्या ढोलकऱ्याने शिंका आवरेनात म्हणून मध्येच टिपऱ्या दुसऱ्याकडे दिल्या आणि पुढच्याच चेंडूवर फलंदाजाचे मनगट मोडले. तेव्हापासून हा नियम मंडळात कायद्याइतका पाळला जातो. आणि मायाव बादही झाला नव्हता, तळावरही पोहोचला नव्हता. सबब, मायाव अजून खेळत होता. सबब, ढोल स्यु-मानबाईंचाच होता.

बाकीच्या माजी खेळाडूंच्या बाबतीत मंडळाचे वागणे मोकळेढाकळे होते, कारण त्यांच्या खेळी रीतसर संपल्या होत्या. मंडळी अधूनमधून त्यांच्या खुशालीला जात आणि जाताना ढोल-ट्रंपेट नेत, कारण रिकाम्या हाताने जाणे बरे दिसत नाही. एक खेळाडू मोटार चालवायला शिकवत होता. त्याचा विद्यार्थी गाडी उलटी घेऊन दोन खांबांमध्ये बसवायला लागला की मंडळी त्या खेळाडूचे जुने गाणे वाजवत आणि विद्यार्थी खांब पाडत असे. दुसरा विमा विकत होता. गिऱ्हाइकाने पेन हातात घेताच ढोल सुरू होई. त्याने विनवले, की निदान मृत्यूच्या कलमापर्यंत थांबा. मंडळाने ते मान्य केले.

मायावचे प्रकरण वेगळे होते. मंडळाने बैठक घेऊन ठरवले, की ज्या ज्या वेळी मायावच्या आयुष्यात काही टांगणीला लागेल त्या त्या वेळी तो फलंदाजीला उभा आहे असे मानावे. त्यानुसार ह्वालिएनमध्ये तो गाद्यांच्या दुकानात लागला तेव्हा, गिऱ्हाइकासमोर गादीवर पडून तिचा मऊपणा दाखवणाऱ्या मायावच्या उशाशी स्यु-मानबाईंनी ढोल वाजवला. गादी खपली नाही. पुढे तो एका गरम पाण्याच्या कुंडावर जीवरक्षक झाला. बाई तीन रविवार काठावर टिपऱ्या सरसावून बसल्या, पण कोणी बुडेना. त्याच्या लग्नात गावातल्या वडीलधाऱ्यांना वाटले की ही शहराकडची चाल असावी, आणि ते ढोलावर मनसोक्त नाचले. अखेर त्याने महापालिकेच्या सफाईखात्याची परीक्षा दिली. वाळूचे पोते खांद्यावर घेऊन धावण्याच्या त्या परीक्षेत कुंपणापलीकडून त्याच्या नावाचा ठेका सुरू झाला, तसा मायाव इतका सुसाट सुटला की अंतिम रेषा ओलांडून, पोत्यासकट, रस्त्यापलीकडच्या नूडलवाल्याकडे जाऊन थांबला. परीक्षकांना ती कामगारांची निदर्शने वाटली. नोकरी मात्र लागली, आणि ती नेमकी चियायीत.

मंडळ एव्हाना आटत आटत दोन माणसांवर आले होते. एक स्यु-मानबाई, दुसरे किल्ल्या बनवणारे होउ. होउ ट्रंपेट वाजवत, पण कवळी बसवल्यापासून त्यातून सूर कमी आणि वारा जास्त येई.

“बाई, दात गेले तशी माझी तोंडाची फुंकर गेली,” ते म्हणत. “हात मात्र शाबूत आहेत. ढोल माझ्याकडे द्या की.”

“खेळी संपू दे, मग देते.”

“मी संपल्यावर?”

यंदाच्या वसंतात स्यु-मानबाईंचा उजवा खांदा बोलू लागला. डॉक्टरांनी छायाचित्र उजेडावर धरून सांगितले, की आतला स्नायुबंध धाग्यावर आला आहे. येत्या गुरुवारी शस्त्रक्रिया करू. तवा काही महिन्यांनी पुन्हा धरता येईल, ढोल मात्र कायमचा बंद.

“गुरुवारच्या आत माझी एक खेळी संपली पाहिजे,” बाई म्हणाल्या.

डॉक्टरांना वाटले, रुग्ण घाबरली आहे. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या.

सोमवारी सकाळी मायाव दुकानात आला. सफाईखात्याची टोपी त्याने भुवयांपर्यंत ओढली होती. ज्या बाईंनी त्याला चौदा वर्षे नजरेआड होऊ दिले नव्हते त्यांच्यापासून लपण्यासाठी तेवढी पुरेल असा त्याचा अंदाज असावा.

“काय देखण्या, अंड्याची पोळी?” आणि मग, “अरे, मायाव! टोपी काढ, तवा चावत नाही.”

“मावशी,” तो टोपी चुरगाळत म्हणाला, “होउकाकांकडून कळलं खांद्याचं. आता पुरे करा ना.”

“तू पुरं कर. मी तर तुझ्यामागं वाजवतेय.”

“मी काय करू? मला कोणी बाद म्हणेना, नाबाद म्हणेना. घर घ्यायचं म्हणून बायको मागं लागलीये, आणि सहीची वेळ आली की माझा डावा पाय आपोआप पुढे जातो. उभाच राहतो मी. ती म्हणते, तुम्ही कशाची वाट बघताय? तिला काय सांगू, चेंडूची?” त्याचा आवाज खाली आला. “मावशी, खरं सांगू? मला बाद करून टाका. एक स्ट्राइक. मी झाडू फिरवतो हवेत. तुम्ही सुटलात, मीही सुटलो.”

स्यु-मानबाईंनी पोळी उलटली नाही. ती करपली. चौदा वर्षांत या दुकानात करपलेली ती पहिली पोळी होती. कारण मायाव जे बोलला तेच त्यांनी डॉक्टरांच्या खोलीतून परतताना मनात म्हटले होते: बाद झाला तर सुटेन. आपल्याच फलंदाजाने बाद व्हावे अशी इच्छा ढोल वाजवणाऱ्या बाईने करणे म्हणजे काय, हे त्यांना मायावपेक्षा जास्त कळत होते.

“असं परत बोललास तर गार पोळी मिळेल,” त्या म्हणाल्या.

खिडकीजवळच्या स्टुलावर खाकरण्याचा आवाज झाला.

“सामना थांबलेला आहे,” निए आपल्या गार पोळीकडे पाहत म्हणाले. “संपलेला नाही. संपला असं मी कधी म्हणालो? चेंडू टाकणारा आणा, मी उभा राहतो.” त्यांनी कोटाच्या खिशातून एक बेसबॉल काढून टेबलावर ठेवला. तो पिवळा पडला होता आणि त्याच्या शिवणीत वाळवीचा एक पंख अडकलेला होता. “तोच आहे. खेळात असलेला चेंडू पंचाच्या ताब्यात असतो.”

“हा रोज तुमच्या खिशात होता?” बाईंचा स्वर प्रथमच ‘पंच’ या शब्दाशिवाय निघाला.

“रोज. तुम्ही कधी विचारलं नाहीत. तुम्ही फक्त पोळी आदळायचात.”

अडचण गोलंदाजाची होती. रानडुकरांचा तो गोलंदाज आता समुद्राकाठी मासे पाळत होता आणि फोनवर ‘मी कोणी नाही’ असे सांगून ठेवून देत होता. निए म्हणाले, की गोलंदाज बदलता येतो; तो समोरच्या बाजूचा असला म्हणजे झाले. सगळ्यांनी एकाच वेळी दाराबाहेर पाहिले. तिथे पेरूंच्या हातगाडीमागे खो आजी बसल्या होत्या, आणि त्यांचे माहेर पिंगतुंग होते ही गोष्ट पेरू घेतलेल्या प्रत्येक माणसाला सांगितली गेली होती.

“आजी, तुम्ही कोणाच्या बाजूच्या?” होउंनी विचारले. “चियायीच्या की पिंगतुंगच्या?”

“चियायीत नुसती राहते रे. बाजू माहेरची.”

“मग एक चेंडू टाकायचाय. मायावला.”

सगळा प्रकार ऐकून घेतल्यावर आजींनी पेरू पुसायचे थांबवले. “टाकीन. पण सोपा टाकणार नाही हं! माहेरच्या नावाचा प्रश्न आहे. उद्या तिकडं तोंड दाखवायचंय मला.”

“आजी, तुमचं माहेर उठून पन्नास वर्षं झाली,” होउ म्हणाले.

“म्हणूनच जपायला नको?”

मंगळवारी दिवसभर आजी भिंतीवर पेरू फेकून सराव करत होत्या.

ठिकाण ठरले ते कचरागाडीचा थांबा, कारण कामाच्या वेळेत मायावला गाडी सोडता येत नव्हती, आणि कामाव्यतिरिक्तच्या वेळी, त्याच्या स्वतःच्या शब्दांत, त्याची हिंमत होत नव्हती. बुधवारी संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी सगळी आळी पिशव्या घेऊन उभी होती. दुरून कचरागाडीची ती संथ, गोड धून ऐकू आली, आणि गल्लीतली प्रत्येक बाई, प्रत्येक म्हातारा, रोजच्याप्रमाणे अर्धे पाऊल पुढे सरकला. ती धून ऐकली की या गावात माणसाचा हात पिशवीकडे जातो. त्यात विचाराचा भाग नसतो.

गाडी थांबली. मागच्या पायरीवरून मायाव उतरला, हातात लांब दांड्याचा झाडू. निए मुखवटा आणि ढाल चढवून त्याच्या मागे ओणवे झाले. होउंनी टपालपेट्यांच्या जोडीकडे बोट करून तो पहिला तळ असल्याचे जाहीर केले. स्यु-मानबाईंनी ढोल गळ्यात अडकवला. उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता, म्हणून त्यांनी ढोलच खाली बांधला होता.

“लवकर उरका!” गाडीचा चालक ओरडला. “हे काय, पूजा आहे का?”

“खेळ पुन्हा सुरू!” निए म्हणाले.

स्यु-मानबाईंनी ठेका धरला. मा-याव, मा-याव, मग तीन ठोके. पिशव्या घेऊन उभी असलेली आळी आपसूक टाळ्या देऊ लागली. ओल्या कचऱ्याची बादली घेतलेला एक गृहस्थ बादलीच वाजवू लागला. खो आजी समोर उभ्या होत्या, डाव्या हातात घरच्या कचऱ्याची पिशवी, उजव्या हातात चेंडू. पिशवी खाली ठेवा म्हणून कोणी सांगितले, तर त्या म्हणाल्या, “आणि गाडी निघून गेली तर?” त्यांनी डोळे बारीक केले. उजवा हात मागे नेला.

मायावच्या चेहऱ्यावर काय होते ते बाईंनी पाहिले. त्याने ठरवले होते. चेंडू कसाही आला तरी तो झाडू फिरवणार होता. आणि बाईंच्या मनातही, खांद्यातल्या त्या धाग्याइतकीच बारीक, एक कळ उमटली, की फिरव. फिरव बाबा, सुटू दोघंही. त्या विचाराची त्यांना इतकी लाज वाटली, की डॉक्टरांनी मना केलेला हात त्यांनी होता तेवढ्या जोराने खाली आणला. चौदा वर्षांतला तो सर्वांत मोठा ठोका होता. समोरच्या घराच्या खिडकीतला पोपट बोलायचा बंद झाला.

त्याच वेळी चालकाने कंटाळून गाडी हातभर पुढे घेतली आणि धून नव्याने सुरू झाली. खो आजींचा हात सुटला. पण जन्मभराच्या सवयीपुढे माहेरची शान किती टिकणार? गाडी हलते आहे, हातात काहीतरी आहे, तेव्हा ते गाडीत गेलेच पाहिजे: चेंडू मायावपासून चांगला दोन हात लांबून, सुंदर वळण घेऊन, थेट कचरागाडीच्या तोंडात जाऊन पडला. आतल्या लोखंडी फळीने तो गिळला.

मायावचा झाडू निघाला होता. कमरेपर्यंत आला होता. तिथे तो थांबला.

“फिरवला!” खो आजी किंचाळल्या. “बाद! मी बघितलं!”

निए सावकाश सरळ झाले. त्यांनी मुखवटा काढला. आळीतल्या कोणालाही बेसबॉलचे असो की कचऱ्याचे, कशाचेच भान उरले नव्हते. ढोल चालूच होता, कारण निकाल येईपर्यंत तो थांबत नाही.

“झाडू मनगटापुढे गेला नाही, म्हणजे फिरवला नाही,” निए म्हणाले. “चेंडू बाहेरचा. चौथा बॉल. फलंदाजाने पहिल्या तळावर जावे.”

ढोल थांबला.

मायाव उभाच राहिला. डावा पाय पुढे. मग तो हळूच त्या पायाकडे बघू लागला, जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे.

“मी फिरवणार होतो, मावशी,” तो म्हणाला. “शपथ. पण चेंडू बाहेरचा होता हो. दिसला मला.”

“माहितीये. चाल आता.”

झाडू जमिनीवर ठेवून मायाव चालत निघाला. फुकटच्या तळाकडे फलंदाज धावत नाही, चालतो, आणि मायाव त्या रीतीने चालला: खांदे मोकळे, हात लोंबते. टपालपेटीला पाय लावून तो वळला तेव्हा रडत होता आणि त्याच वेळी हसत होता. त्यामुळे पत्र टाकायला आलेल्या बाईने पत्र परत पिशवीत घातले.

“आता मी इथंच उभा राहू का?” त्याने ओरडून विचारले. कचरागाडी कोपऱ्यावर पोहोचत होती. “पुढचा फलंदाज कोण?”

“आपला कॅचर,” होउ म्हणाले. “तो व्हँकूव्हरला असतो. त्याला बोलवावं लागेल.”

“वेळ मागा, म्हणजे तळ सोडता येतो,” निएंनी सुचवले.

“वेळ!” मायाव ओरडला.

“दिली,” पंच म्हणाले, आणि मायाव गाडीमागे सुटला. झाडू घ्यायला त्याला परत यावे लागले.

स्यु-मानबाईंनी गळ्यातून ढोल काढला. दोन खेळींच्या मधल्या वेळात हात बदलता येतो. नियमात त्याला आडकाठी नाही. त्यांनी टिपऱ्या होउंच्या हातात दिल्या. होउंनी त्या घेतल्या, उलटसुलट केल्या आणि म्हणाले, “किती हलक्या आहेत हो.”

“चार महिने वाजवा. मग बोला.”

खो आजी अजून समोर उभ्या होत्या. गाडी गेली होती, आणि कचऱ्याची पिशवी त्यांच्या डाव्या हातात तशीच होती. “आणि ही आता मी उद्यापर्यंत घरात ठेवू?” त्या म्हणाल्या. “पंच! यावर काही नियम आहे का?”

गुरुवारी शस्त्रक्रिया दुपारची होती, म्हणून स्यु-मानबाईंनी सकाळी दुकान उघडले. निए नेहमीप्रमाणे आले, स्टुलावर बसले, आणि समोरच्या बशीतल्या पोळीचा मोठा घास त्यांनी सवयीने, न बघता घेतला. दुसऱ्याच क्षणी ते उठून उभे राहिले. डोळ्यांत पाणी, तोंडावर हात.

“जीभ भाजली!” ते म्हणाले. “आधी सांगायला काय झालं होतं, बाई?”

“काय हे देखण्या,” स्यु-मानबाई डाव्या हाताने तवा पुसत म्हणाल्या. “गरम असते ती. फुंकून खायची.”